आधी वजन की आधी बाळ? एकाच घरातील दोन जावांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्याच्या डिचोली तालुक्यातील 29 वर्षांच्या एका विवाहितेने लिहिले आहे की तिची उंची 154 सेंटिमीटर आणि वजन 67 किलो आहे, लग्नाला दोन वर्षे झाली असून आता मूल हवे आहे. एका डॉक्टरांनी ‘आधी पंधरा किलो उतरवा, मग या’ असे सांगितले. सासूबाईंचे म्हणणे असे की वय थांबत नाही, बाळ आधी होऊ दे, वजनाचे पुढे पाहता येईल. त्याच घरात धाकटी जाऊ तिसऱ्या महिन्यात आहे. तिची उंची 148 सेंटिमीटर, वजन अवघे 40 किलो, आणि बाळ मोठे झाले तर सिझेरियन करावे लागेल या भीतीने ती मुद्दाम अर्धपोटी जेवते. दोघींनी काय करावे, गरोदरपणात वजन किती वाढावे आणि त्यात कमी-जास्त झाल्यास नेमके काय बिघडते, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

फोंड्यात 26 वर्षे प्रसूतीचे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की गरोदरपणात किती किलो वाढले याची चर्चा आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त होते आणि गरोदरपण सुरू झाले त्या दिवशी वजन किती होते याची फारच कमी. हे केवळ माझे निरीक्षण नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील 25 अभ्यासगटांमधल्या जवळपास दोन लाख स्त्रियांची माहिती एकत्र करून 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातही हेच दिसले की आई व बाळाच्या त्रासाशी गरोदरपणातील वाढीचा संबंध आहेच, पण गरोदरपणाआधीच्या वजनाचा संबंध त्याहून घट्ट आहे. म्हणून पत्र लिहिणाऱ्या थोरल्या जावेने योग्य वेळी प्रश्न विचारला आहे, असे मी म्हणेन. बहुतेक जणी तो तिसऱ्या महिन्यात, पहिली सोनोग्राफी हातात घेऊन विचारतात.

आधी आकडे पाहू. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बॉडी मास इंडेक्स किंवा बीएमआय म्हणतात. थोरलीचा बीएमआय 28.3 येतो, धाकटीचा 18.3. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण मोजपट्टीनुसार 18.5 ते 24.9 हे योग्य वजन, 25 पासून पुढे जास्त वजन आणि 30 पासून पुढे लठ्ठपणा. भारतीयांसाठी मात्र 2009 मधल्या तज्ज्ञांच्या सहमतीनुसार या रेषा खाली, म्हणजे 23 आणि 25 वर, ओढल्या आहेत. त्याचे कारण असे की उंची व वजन सारखे असले तरी युरोपीय स्त्रीपेक्षा आपल्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी, त्यातही पोटाभोवतीची, जास्त असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून जवळच्या खेड्यांमधील माता व बाळांचा जो अभ्यास केला, त्यात तर हे जन्मतःच दिसले. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो, आपली बाळे स्नायूंच्या बाबतीत बरीच कमी भरली, पण पाठीच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबी राखून असलेले हे शरीर पुढे मधुमेहाकडे लवकर झुकते. तेव्हा थोरलीचा 28.3 हा आकडा ‘थोडेसे जास्त’ म्हणून सोडून देण्यासारखा नाही, आणि ती बाई आळशी किंवा खादाड आहे असा त्याचा अर्थही नाही.

गोव्यात ही अडचण एकटीदुकटीची राहिलेली नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 24 टक्के स्त्रियांचा बीएमआय 25 किंवा त्याहून अधिक आढळला. गोव्यात हेच प्रमाण सुमारे 36 टक्के होते. दुसऱ्या बाजूला 18.5 पेक्षा कमी बीएमआय असलेल्या स्त्रियाही इथे दहातील एकीपेक्षा जास्त आहेत. माझ्या बाकावर सकाळी बसलेल्या बायकांमध्ये त्या दोन्ही असतात, आणि या पत्रातल्याप्रमाणे कित्येकदा त्या एकाच चुलीवरचे खातात.

आता ‘आधी पंधरा किलो’ या सल्ल्याविषयी. पंधरा किलो उतरवले तर थोरलीचे वजन 52 किलो होईल, बीएमआय 22 च्या आत येईल आणि कागदावर सारे सुंदर दिसेल. पण नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बाईला इतके वजन टिकाऊपणे उतरवायला दीड-दोन वर्षे लागतात, मध्येच ती कंटाळते, आणि मी पाहिलेल्या अशा बहुतेक जणी कंटाळल्या त्या महिन्यातच गरोदर राहिल्या, तेही आधी होत्या त्याच वजनावर. सध्याच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरले तरी इन्सुलिनचे काम सुधारते, पाळी नियमित होण्याची आणि बीजकोषातून बीज वेळेवर सुटण्याची शक्यता वाढते, विशेषतः पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा विकार, असेल तर. तिच्या बाबतीत हे साडेतीन ते साडेसहा किलो होतात. मी तिला सहा महिन्यांत पाच किलोचे लक्ष्य देईन. ती 29 वर्षांची आहे, सहा महिने थांबणे तिला परवडते. वय 37-38 असते तर मी सासूबाईंच्या बाजूने उभी राहिले असते, कारण त्या वयात वजनापायी घालवलेले वर्ष बीजांच्या संख्येतून वजा होते.

हे पाच किलो कुठून काढायचे, याचे उत्तर पुस्तकातल्या आहारतक्त्यात शोधू नये. मी समोर बसलेल्या बाईला कालचा दिवस सकाळपासून सांगायला लावते. फोंडा-डिचोलीकडचा नेहमीचा दिवस असा उलगडतो: उठल्यावर चहा, पोदेर (पाववाला) आला की दोन पाव आणि पुन्हा चहा, अकराच्या सुमारास ऑफिसात बिस्किटे किंवा पॅटिस, दुपारी भात-हुमण (नारळाच्या वाटणातली माशाची आमटी), चार वाजता चहा आणि शेव-चिवडा, रात्री साडेनवाला पुन्हा भात. चार कप चहात दोन-दोन चमचे साखर धरली तर दिवसाला आठ चमचे, म्हणजे तीसेक ग्रॅम साखर होते आणि ती कोणी जेवणात मोजतच नाही. मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोळी घेतली, चहाची साखर निम्मी केली, संध्याकाळचा चिवडा बंद करून मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा मोडाचे मूग ठेवले, आणि रात्रीचा भात एका वाटीवर आणून ताटात तांबडी भाजी व मासळी वाढवली, की पहिले दोन किलो फारसा उपवास न करता जातात. हुमणातल्या नारळाला मी हात लावत नाही. त्यात कॅलरी आहेत हे खरे, पण हुमण काढून घेतलेला आहार गोव्यातल्या घरात पंधरा दिवससुद्धा टिकत नाही, हा माझा अनुभव आहे. तळलेल्या मासळीऐवजी हुमणातली मासळी खाल्ली तरी पुरे. आपल्या आजीच्या काळातली अकराची पेज, उकड्या तांदळाची, सोबत थोडी भाजी किंवा उसळ, ही तर बिस्किटांच्या पुड्यापेक्षा किती तरी बरी. ती मोडली आणि तिच्या जागी बेकरी आली, याचे मला वाईट वाटते.

चालण्याबद्दल एवढेच सांगते की आठवड्याला एकूण 150 मिनिटे दम थोडा वाढेल इतक्या वेगाने चालणे हे गरोदरपणाआधीही चालते आणि सगळे ठीक असेल तर गरोदरपणातही. स्कूटरने आपल्या बायकांचे चालणे पूर्ण काढून घेतले आहे; कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणायलाही ती बाहेर निघते.

बाळासाठी प्रयत्न सुरू करण्याआधी आणखी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली फॉलिक अॅसिडची. बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून 28 दिवसांच्या आत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत ते काम बहुतेक आटोपलेले असते. म्हणून रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी किमान एक महिना, शक्यतो तीन महिने आधीपासून घ्यावी. लठ्ठ स्त्रियांमध्ये या नळीचे दोष थोडे अधिक आढळतात, त्यामुळे बीएमआय 30 च्या वर असेल किंवा मधुमेह असेल तर डॉक्टर मोठी मात्रा देऊ शकतात. ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. दुसरी गोष्ट वजन उतरवण्याच्या औषधांची. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने आता गोव्यातही सर्रास दिली जातात. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते, आणि ते चालू असताना गर्भनिरोधक साधन वापरणे आवश्यक आहे, कारण वजन उतरू लागले की आजवर न राहिलेला गर्भ अनपेक्षितपणे राहतो. पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर साधारण 12 ते 18 महिने थांबावे.

समजा तिचे वजन 62 किलोवर आले आणि दिवस राहिले. मग किती वाढू द्यावे? अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने 2009 मध्ये दिलेले आकडे आजही सर्वाधिक वापरले जातात. गरोदरपणाआधीचा बीएमआय 18.5 पेक्षा कमी असेल तर 12.5 ते 18 किलो, 18.5 ते 24.9 असेल तर 11.5 ते 16 किलो, 25 ते 29.9 असेल तर 7 ते 11.5 किलो, आणि 30 किंवा अधिक असेल तर 5 ते 9 किलो. हे आकडे उंच व थोराड बांध्याच्या स्त्रियांवरून आलेले आहेत, त्यामुळे मी आपल्याकडे प्रत्येक गटाच्या खालच्या टोकाकडे राहते. भारतात मध्यम बांध्याच्या स्त्रीसाठी 10 ते 12 किलो हे माप फार पूर्वीपासून चालत आले आहे. 62 किलोवरून सुरुवात करणाऱ्या थोरलीला मी सात ते नऊ किलो सांगेन. त्यातले पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो, आणि त्यानंतर आठवड्याला साधारण पाव किलोच्या आसपास. उलट्यांमुळे सुरुवातीला एखादा किलो कमी झाला तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र मूळ वजनाच्या 5 टक्क्यांहून अधिक घट झाली, पाणीही पोटात ठरेना, तर सलाइन लावण्याची वेळ येऊ शकते.

वाढलेले वजन म्हणजे केवळ चरबी, असा समज आहे. पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात साडेबारा किलो वाढ धरली तर त्यात बाळ तीन ते सव्वातीन किलोचे, वार पाऊण किलोच्या आतबाहेर, गर्भजल तितकेच किंवा थोडे जास्त, वाढलेले गर्भाशय सुमारे एक किलो, स्तन अर्धा किलो, जास्तीचे रक्त सव्वा ते दीड किलो, अंगात साठणारे पाणी जवळपास तेवढेच, आणि उरलेली तीन-साडेतीन किलो चरबी, जी शरीर दूध पाजण्यासाठी राखून ठेवते. आधीच चरबी साठलेल्या स्त्रीला या शेवटच्या साठ्याची गरज नसते, म्हणून तिला कमी वाढ पुरते. पण बाळ, वार, पाणी आणि रक्त हे सर्वांनाच लागते. त्यामुळे जास्त वजनाच्या स्त्रीनेही गरोदरपणात वजन उतरवायला बसू नये.

‘दोन जिवांची आहेस, दोघांचे खा’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचे काहीच लागत नाही. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार रोज सुमारे 350 कॅलरी जास्त लागतात: एक कप दूध, एक उकडलेले अंडे, एक केळे आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यात त्या भागतात. प्रथिनांची गरज मात्र कॅलरींहून अधिक वेगाने वाढते. शेवटच्या तीन महिन्यांत रोज 22 ग्रॅम जास्त लागतात. बांगडा, तारली यांसारखी लहान मासळी त्यासाठी उत्तम आहे. मोरी आणि तत्सम मोठ्या शिकारी माशांमध्ये पारा साठतो, ते टाळावेत. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात खाऱ्या सुक्या मासळीवर भर पडतो. रक्तदाब वाढू लागलेल्या बाईने त्यातल्या मिठाचा विचार करावा आणि त्या दोन महिन्यांत अंडी, डाळी, मूगगाठी यांच्याकडे वळावे.

बिघडते काय, हा तिसरा प्रश्न. जास्त वजनाच्या बाजूने सर्वांत नेमाने दिसणारी गोष्ट म्हणजे गरोदरपणातील मधुमेह. गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून येणारी संप्रेरके आईच्या इन्सुलिनचा प्रभाव मुद्दाम कमी करतात, जेणेकरून साखर रक्तात थोडी जास्त वेळ राहून बाळापर्यंत पोचावी. निरोगी स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून तोल सांभाळते. वजनामुळे जे स्वादुपिंड आधीच जास्तीचे काम करत होते, ते इथे कमी पडते. आईची साखर वार ओलांडते, आईचे इन्सुलिन ओलांडत नाही. तेव्हा बाळ स्वतःचे इन्सुलिन वाढवते आणि ते इन्सुलिन बाळाला पोसून मोठे करते, तेही खांद्याभोवती आणि पोटावर. प्रसूतीच्या वेळी डोके बाहेर येऊन खांदा अडकण्याची भीती असते ती यातूनच. नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाचे इन्सुलिन चालूच राहते आणि पहिल्या काही तासांत त्याची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणूनच अशा बाळाला जन्मल्याबरोबर अंगावर घ्यायला लावतात आणि टाचेतून रक्त काढून साखर पाहतात. त्या टाचेच्या टोचणीवरून आजीबाई रागावतात, पण ती टोचणी सोडता येत नाही.

दुसरा धोका रक्तदाबाचा. बीएमआय साधारण पाच ते सात अंकांनी वाढला की प्रीएक्लॅम्प्सियाची, म्हणजे वाढता रक्तदाब आणि लघवीतून प्रथिने जाणे याची, शक्यता दुप्पट होते. ज्यांना धोका जास्त दिसतो त्यांना बाराव्या आठवड्यानंतर लहान मात्रेत अॅस्पिरिन सुरू करतात. याखेरीज गर्भपात, मृतजन्म, सिझेरियन, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, जखमेत पू होणे, पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गाठ, दूध उशिरा उतरणे हे सारे वजनाबरोबर वाढत जाते. सोनोग्राफीतही पोटाच्या जाड थरातून बाळाचे हृदय नीट दिसत नाही आणि तपासणी पुन्हा करावी लागते. यांतले काहीही ठरलेले नसते, हेही सांगायला हवे. 90 किलोच्या बायकांची सुखरूप, साधी बाळंतपणे मी अनेक केली आहेत.

वजन वाढण्याचा एक प्रकार चरबीशी संबंध नसलेला असतो आणि तोच घरात आनंदाने साजरा होतो. काही वर्षांपूर्वी तेहतिसाव्या आठवड्यातली एक पहिलटकरीण चवथीच्या धामधुमीनंतर आली. नऊ दिवसांत वजन तीन किलोंनी वाढले होते. नेवऱ्या आणि पातोळ्या खाल्ल्याने असेल असे तिला वाटत होते, आणि आई म्हणत होती की आता कुठे पोरीने अंग धरले. तिच्या बोटातली अंगठी निघत नव्हती. बोटाला धागा गुंडाळून ती काढावी लागली आणि खाली खोल वळ उमटलेला होता. रक्तदाब 160 वर 110, लघवीत प्रथिने. त्याच संध्याकाळी तिला मोठ्या रुग्णालयात हलवले आणि बाळ आधीच बाहेर काढावे लागले. दोघे सुखरूप आहेत. विसाव्या आठवड्यानंतर एका आठवड्यात एक किलोहून अधिक वजन वाढले आणि सोबत चेहरा-हात सुजणे, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे किंवा बरगडीखाली दुखणे असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा.

आता धाकटीकडे येते, कारण या पत्रात मला तिची काळजी अधिक वाटते. थोरलीच्या हातात सहा महिने आहेत, धाकटीचे घड्याळ सुरू झाले आहे. कमी खाल्ले तर बाळ लहान राहील आणि सुटका सहज होईल, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ती अर्धीच खरी आहे: बाळ लहान राहते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ थंडी, जंतुसंसर्ग आणि दूध ओढणे या तिन्ही बाबतींत झगडते, ते वेळेआधी येण्याची शक्यता वाढते, आणि पोटात उपाशी राहिलेले शरीर पुढे भरपूर अन्न मिळू लागले की मधुमेह व रक्तदाबाकडे वळते. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पडलेल्या दुष्काळात पोटात असलेल्या मुलांचा पुढे कित्येक दशके अभ्यास झाला आणि त्यात प्रौढपणी साखरेचा बिघाड अधिक दिसला. बरे, बाळंतपण अडते ते केवळ बाळाच्या वजनामुळे असेही नाही; कटिभागाची ठेवण, बाळाची स्थिती आणि कळांचा जोर यांवर ते ठरते. उपाशी, रक्त कमी असलेल्या बाईला कळा सोसण्याची ताकद उरत नाही आणि प्रसूतीनंतर थोडासा रक्तस्रावही तिला जड जातो.

तिच्यासाठी 12 किलोचे लक्ष्य मी ठेवेन. तक्त्यातले 18 किलो 40 किलोच्या बाईला सांगणे म्हणजे तिला घाबरवणे आहे. चौथ्या महिन्यापासून आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वाढ व्हावी. एका बैठकीत तिला जास्त जात नसेल तर तीन जेवणे आणि तीन लहान खाणी अशी वाटणी करावी: सकाळी नाचण्याची पेज दूध घालून, मध्ये केळे किंवा चिकू, चार वाजता अंडे किंवा शेंगदाण्याचा लाडू, झोपताना दूध. पुण्याच्या त्याच अभ्यासात एक लक्षात राहण्यासारखी गोष्ट आढळली होती: आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या यापेक्षा ती दूध, पालेभाज्या आणि फळे किती वेळा खात होती याचा बाळाच्या वाढीशी अधिक संबंध दिसला. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर लोहाची गोळी जेवणानंतर चहाबरोबर घेऊ नये, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. एवढे करूनही महिनाभरात काटा हलला नाही तर थायरॉइड, जंत आणि रेंगाळणारा खोकला असल्यास क्षय यांची तपासणी करावी. संकष्टी, सोमवार, गुरुवार यांचे उपवास या वर्षी देवाला सांगून पुढे ढकलावेत. साबुदाण्याच्या खिचडीवर दोघांचे पोषण होत नाही.

माझी एक चूक इथे सांगते, कारण ती या विषयात वारंवार घडते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका 84 किलोच्या गरोदर बाईला वजनकाट्यावरून खाली उतरतानाच, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले होते. ती पुढचे चार महिने आली नाही. आली तेव्हा आठवा महिना संपत होता, साखर 230 होती आणि बाळाभोवती पाणी फार वाढले होते. तिच्या सासूने मला शांतपणे सांगितले की ती त्या दिवशी घरी जाऊन रात्रभर रडली आणि ‘काट्यावर चढायचे नाही’ म्हणून इकडे यायलाच तयार नव्हती. त्यानंतर मी वजनकाटा पडद्यामागे नेला आणि आकडा फक्त कार्डावर लिहायला लावला. तुमचे डॉक्टर वा परिचारिका हा आकडा मोठ्याने वाचत असतील तर ‘कार्डावर लिहा’ असे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

बाळंतपणानंतरचे थोडे आधीच सांगून ठेवते. प्रसूतीच्या दिवशी साधारण पाच-सहा किलो कमी होतात, पाणी उतरल्यावर आणखी दोन-तीन, आणि उरलेले हळूहळू जातात किंवा राहतात. राहतात ते बहुधा चाळीस दिवसांच्या खुराकामुळे. दूध पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात हे खरे, आणि आळिवाच्या, डिंकाच्या, मेथीच्या लाडवांमागची माया मी जाणते. धाकटीने ते अवश्य खावेत. थोरलीने दिवसाला एक खावा, पण तुपात थबथबलेले पाच नव्हे. दूध लाडवांमुळे येत नाही, बाळ ओढते म्हणून येते. दोन बाळंतपणांच्या मध्ये जे वजन अंगावर राहते ते पुढच्या गरोदरपणाचे आरंभीचे वजन होते. स्वीडनमधील दीड लाखाहून अधिक स्त्रियांच्या 2006 च्या अभ्यासात पहिल्या व दुसऱ्या बाळादरम्यान बीएमआय तीन किंवा अधिक अंकांनी वाढलेल्या स्त्रियांमध्ये दुसऱ्या खेपेस रक्तदाब व मधुमेह अधिक आढळला, ज्यांचे वजन प्रमाणात होते त्यांच्यातसुद्धा. 154 सेंटिमीटर उंचीला हे तीन अंक म्हणजे सात किलो. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीने प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी साखरेची तपासणी करावी. बाळाच्या लसीकरणाच्या दिवशीच ती उरकली तर विसरली जात नाही.

दोघींनी पुढे काय करावे ते सांगून थांबते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. येत्या 9 तारखेला धाकटीला घेऊन थोरलीने सोबत जावे. धाकटीचे हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब आणि साखर पाहून घ्यावी. साखरेसाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, उपाशी जावे लागत नाही, आणि आकडा 140 किंवा त्याहून जास्त आला तर तो मधुमेह समजतात. बारीक आहे म्हणून ही तपासणी टाळू नये, आणि आता ठीक आली तरी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान ती पुन्हा करावी. थोरलीने वेगळा दिवस ठरवून उपाशीपोटीची साखर, थायरॉइड आणि रक्तदाब तपासावा आणि फॉलिक अॅसिड सुरू करावे. घरी वजन करायचे तर दोघींनी आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर करावे. काटा गादीवर किंवा पायपुसण्यावर न ठेवता फरशीवर ठेवावा. आकडा वहीत तारखेसह लिहून तीच वही तपासणीला आणावी, कारण दोन वेगळ्या दवाखान्यांच्या काट्यांत किलोभराचा फरक मी नेहमीच पाहते.